नदीवरची क्रूझ: गुडघे दुखणाऱ्या आईला आणि पाटबंधारेवाल्या बाबांना घेऊन कुठे जावं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी,
आईबाबांना पुढच्या वर्षी कुठेतरी लांब न्यायचंय आणि काही ठरत नाहीये. बाबा ७४, पाटबंधारे खात्यातून रिटायर, अजून रोज टेकडी चढतात. आई ६९, दोन्ही गुडघे दुखतात, जिना दिसला की तिचा चेहराच उतरतो. नेहमीच्या ग्रुप टूरचे कार्यक्रम बघितले तर रोज पहाटे बॅगा रूमबाहेर, मग बस, मग नवीन हॉटेल, दुसऱ्या दिवशी परत तेच, ते आईला झेपणार नाही. समुद्रावरची क्रूझ नको कारण तिला बोट लागते, एलिफंटाला जातानासुद्धा लागली होती. बहीण म्हणाली नदीवरची क्रूझ बघ, रूम तीच राहते आणि गावं बदलत जातात.
ऐकायला भारी वाटतंय, पण जाहिरातीत सगळे पांढऱ्या केसांचे हसरे लोक हातात ग्लास घेऊन उभे असतात, त्यावरून काय कळणार? डॅन्यूब, ऱ्हाइन, नाईल आणि आपली ब्रह्मपुत्रा एवढी नावं काढलीत. कोणी केली असेल तर खरंखुरं सांगा, वयस्कर माणसांना सोयीचं पडतं का?

मीरा_बव्हेरिया:
मी म्युनिकजवळ राहते, सासूसासऱ्यांना घेऊन डॅन्यूबवर पासाउ ते बुडापेस्ट केलीये. बोट लागायची भीती सोडून द्या. पाणी इतकं शांत असतं की कपातला चहा हलत नाही. रात्री लॉकमध्ये (नदीतला दारांचा हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करतात) शिरताना कधीतरी भिंतीला घासल्याचा आवाज येतो आणि जहाज जरासं हादरतं, सासूबाई पहिल्या रात्री दचकून उठल्या होत्या, मग सवय झाली.
खरी परीक्षा जहाजातून उतरताना असते. सीझनमध्ये धक्क्याला जागा कमी पडते म्हणून जहाजं एकमेकांना चिकटवून उभी करतात, दोन-तीन-चार सुद्धा. तुमचं जहाज बाहेरच्या बाजूला असेल तर शेजारच्या जहाजाच्या रिसेप्शनमधून चालत किनाऱ्यावर जायचं, आणि दोन्हीची दारं जुळली नाहीत तर वरच्या डेकवर चढून पलीकडे उतरायचं. लिफ्ट असते, पण बऱ्याच जहाजांवर ती सगळ्यात वरच्या डेकपर्यंत जात नाही, सगळ्यात खालच्या मजल्यावर पण जात नाही. बुक करायच्या आधी हे लेखी विचारून घ्या. खालच्या मजल्यावरच्या केबिन स्वस्त असतात पण तिथली खिडकी पाण्याला लागून असते आणि उघडत नाही.
दुसरं म्हणजे जुनी गावं सगळी दगडी फरसबंदीची. ड्युर्नश्टाइनला वरच्या पडक्या किल्ल्यावर (इंग्लंडचा राजा रिचर्ड तिथे कैदेत होता) सासरे गेले, सासूबाई खाली गल्लीत जर्दाळूचा जॅम चाखत बसल्या, दोघंही खूश. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउचा पट्टा दिवसा जातो ना, एवढं नक्की बघून घ्या. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, मध्येच एखादं चर्च, आणि तुम्ही नुसतं खुर्चीत बसून राहायचं. तिथे तुमच्या आईला काहीच करावं लागणार नाही, समोरचं आपोआप सरकत राहतं.

चिंटू_०७:
व्हेज मिळतं का? बाकीचं नंतर.

मीरा_बव्हेरिया:
@चिंटू, आधी कळवलं तर मिळतं, पण चीज, बटाटा, मशरूम यांच्याभोवतीच फिरतं सगळं. मी लसणाची चटणी, मेतकूट आणि लोणचं नेलं होतं. मेतकूट-भात बघून टेबलावरच्या ऑस्ट्रियन आजी विचारत होत्या हे पिवळं काय म्हणून, त्यांना चमचाभर दिलं तर आवडलं त्यांना.

भटका_गणू:
माझं मत थोडं वेगळंय. एवढे पैसे घालून तुम्ही नदी कमी आणि जहाज जास्त बघता. गावात तीन-चार तास, गाइडच्या मागे कानात यंत्र घालून, आणि जेवायला परत जहाजावर. संध्याकाळी गाव आपलं आपलं होतं तेव्हा तुम्ही निघालेले असता. व्हिएन्नाला तर जहाज राइख्सब्रुक पुलापाशी लागतं, तिथून जुनं शहर चालत नाही येत, मेट्रो घ्यावी लागते.
त्यापेक्षा व्हिएन्ना आणि बुडापेस्टला लिफ्टवाली हॉटेलं घ्या, मध्ये ट्रेन, आणि नदीसाठी दिवसाच्या बोटी आहेत की. क्रेम्स-मेल्क बोट आहे, व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा कॅटामरान (वेगवान बोट) सव्वा तासात नेते. ऱ्हाइनवर पण रुडेसहाइमपासून कोब्लेंझपर्यंत किल्ल्यांचा सगळा भाग दिवसाच्या बोटीतून होतो, वाटेल तिथे उतरा, पुढची बोट पकडा. नदी तीच, किल्ले तेच, खर्च अगदी कमी.

कृष्णाकाठ:
गणू, पटतंय, पण प्रत्येक वेळी बॅगा ट्रेनमध्ये मलाच चढवाव्या लागणार आणि आईला प्लॅटफॉर्मवर धावायला लावायचं नाहीये. तू कोणाला घेऊन गेला होतास?

भटका_गणू:
मित्रांबरोबर. बरोबर आहे तुझं, सत्तरीच्या माणसाला घेऊन चढउतार करणं वेगळं. तरी संध्याकाळी गाव सोडावं लागतं हा मुद्दा मी सोडत नाही.

सुलभाताई:
मी आणि हे, दोघांनी नाईल केली, ग्रुपबरोबर, लक्झर ते अस्वान. माझंही वय आईंच्याच आसपास. अगदी मनापासून सांगते, इतकं सुख मला कुठल्याच प्रवासात मिळालं नाही. सकाळी उठून पडदा सरकवला की केळीच्या बागा, गाढवावरून चाललेला माणूस, नदीत भांडी घासणाऱ्या बायका, आणि त्या हिरव्या पट्ट्याच्या मागे लगेच वाळवंट सुरू. तुमचे बाबा पाटबंधाऱ्यातले ना, मग त्यांना ती हिरव्या-पिवळ्याची रेघ दाखवाच, पाणी जिथे संपतं तिथे शेत संपतं. अस्वानला एलिफंटाइन बेटावर नीलमापक आहे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि भिंतीवर खुणा, पूर किती आला त्यावरून त्या वर्षीचा सारा ठरवायचे. कोम ओम्बोच्या देवळात पण तशी विहीर आहे. आणि तिथेच मगरींच्या ममी!
एस्नाच्या लॉकपाशी जहाजं रांगेत थांबतात तेव्हा छोट्या होड्यांतून विक्रेते येतात, जहाजाला दोर बांधतात आणि खालून पिशवीत घातलेले झगे, टेबलक्लॉथ थेट वरच्या डेकवर फेकतात. पसंत पडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे, नाही तर कापड परत टाकायचं. आमच्या ग्रुपमधल्या एका वहिनींनी तीन मजले वरून घासाघीस केली, सगळं डेक टाळ्या वाजवत होतं.
जेवणाचं विचाराल तर शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. बाकल्याची (वालासारखं मोठं कडधान्य) उसळ, त्याचेच वडे आणि ती कोशरी, म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वर तळलेला कांदा.
पण गुडघ्यांचं खरं सांगायला हवं. लक्झरला, अस्वानला जहाज खाली नदीत आणि रस्ता वर, मध्ये उंच पायऱ्या, काही ठिकाणी कठडासुद्धा धड नाही. एडफूला टांग्यात चढायचं. देवळांत चालणं भरपूर, उन्हात. मी काठी नेली होती म्हणून निभावलं.

चिंटू_०७:
ताई, उसळ आणि वडे? नाईलचं तिकीट काढतोय.

रानवारा:
सुलभाताई, फार सुंदर लिहिलंत. नाईलवर एक गोष्ट मला फार आवडली. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून येतो, म्हणून खाली जायला प्रवाह आणि वर जायला शीड. हजारो वर्षं त्यावरच तो देश चालला. लहान शिडाच्या बोटी अजून अस्वानला मिळतात, तासभर तरी बसा.
आता ब्रह्मपुत्रेबद्दल. तिथली सफर पूर्ण वेगळी आहे हे आधी सांगते, कारण लोक डॅन्यूबच्या अपेक्षा घेऊन जातात. तिथे बहुतेक ठिकाणी धक्के नाहीत. संध्याकाळी जहाज वाळूच्या बेटाला लावतात, फळी टाकतात, आणि तुम्ही उतरलात की मैलभर कोणीही नाही. पात्र इतकं रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही कधीकधी. दरवर्षी पुरानंतर पाण्याची वाट बदलते, म्हणून त्या त्या टप्प्याचे स्थानिक वाटाडे घेतात आणि पुढे उभा असलेला माणूस खुणा केलेला बांबू पाण्यात घालून खोली ओरडून सांगत असतो. माझा सगळा वेळ त्याच्याकडे बघण्यात गेला. तो आकडा ओरडतो, वर सुकाणूवरचा मान हलवतो, जहाज जरासं वळतं, परत बांबू. जीपीएस असूनसुद्धा.
माजुली बेटावर सत्रांमध्ये (वैष्णव मठांमध्ये) गेलो, सामागुरी सत्रात मुखवटे करणारे बसतात, बांबूचा सांगाडा, त्यावर कापड आणि माती. काझीरंगा जोडून होतं. सीझन ऑक्टोबर ते एप्रिल. आईंना मात्र वाळूतून चालणं आणि ती फळी कठीण जाईल. भाड्यात परवडतं असंही नाही, पण निमाती घाटावरून माजुलीची साधी फेरी आहे, नदी अनुभवायची तर तीही पुष्कळ. लाइफजॅकेट मात्र मागून घ्या, २०२१ मध्ये तिथे दोन बोटींची टक्कर झाली होती.

गोदातीर:
अवांतर होईल पण राहवत नाही. मी नाशिकची, आता नोकरीमुळे राजमहेंद्रीत. आमच्या त्र्यंबकच्या झऱ्याची इथे केवढी नदी होते हे बघून पहिल्यांदा पुलावर उभी राहिले तेव्हा रडू आलं मला. इथून पापीकोंडलूपर्यंत दिवसाची बोट जाते, दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात आणि गोदावरी एकदम अरुंद आणि खोल. सप्टेंबर २०१९ मध्ये कच्चुलुरूजवळ पुराच्या पाण्यात बोट उलटून कितीतरी माणसं गेली, त्यानंतर फेऱ्या बंद होत्या आणि मग कंट्रोल रूम वगैरे करून परत सुरू केल्या. पूर असेल तर जाऊच नका, ही सोडून आणखी शंभर ठिकाणं आहेत. नाशिकच्या माणसाने मात्र एकदा तरी ही नदी अशी बघावी.

खाडीवाला:
मग आपल्या महाराष्ट्रात का नाही असं काही? मी चिपळूणचा. आमच्या वाशिष्ठीतून दाभोळपासून गोवळकोट बंदरापर्यंत गलबतं यायची, आजोबा सांगायचे. आता ओहोटीला चिखलाच्या काठांवर मगरी ऊन खात पडलेल्या असतात त्या दाखवायला होड्या जातात, तेवढंच. तारकर्लीला कर्ली नदीत हाऊसबोट आहे म्हणा.

दर्यावर्दी:
@खाडीवाला, तांत्रिक बाजू सांगतो, मी जहाजांवर इंजिनीयर होतो. देशावरच्या नद्या पावसावर चालतात, आठ महिने खडक उघडे, आणि जिथे पाणी आहे तिथे धरणाची भिंत आहे ज्याला लॉक नाही. कोकणातल्या नद्या लांबीला कमी, आणि आतपर्यंत भरती-ओहोटीवर अवलंबून. गाळ साचत गेला तशा खाड्या उथळ झाल्या. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं त्यानंतर गाळ काढायचं काम निघालं ते तुम्ही जवळून बघितलंच असेल. तरीही भरतीची वेळ धरून दिवसाची फेरी चालवता येईल, दाभोळ ते गोवळकोट कोणी नीट चालवली तर मी पहिला ग्राहक.
आता मूळ धाग्यावर. @कृष्णाकाठ, तुमच्या बाबांचं वाचून लिहितोय. त्यांना न्यूर्नबर्ग ते बुडापेस्ट हा मार्ग दाखवा. ऱ्हाइनला मिळणारी माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा आहे, १७१ किलोमीटर, १९९२ मध्ये पूर्ण झाला. फ्रँकांचा राजा शार्लमेननं ७९३ मध्ये याच भागात असा कालवा खणायला घेतला होता, त्याचे चर अजून दिसतात. कालव्याचा माथा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर. म्हणजे जहाज डोंगर चढतं आणि दुसऱ्या बाजूला उतरतं! १६ लॉक आहेत, त्यातली तीन तर प्रत्येकी जवळपास २५ मीटर उचलतात. आणि प्रत्येक वेळी एवढं पाणी वाया जाऊ नये म्हणून बहुतेक लॉकांच्या बाजूला पायऱ्यांसारखी तीन-तीन साठवण कुंडं केलीत, लॉक रिकामं करताना पाणी त्यांत घेतात आणि भरताना परत वापरतात, साठ टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं. शिवाय डॅन्यूबकडचं पाणी पंपाने चढवून कोरड्या फ्रँकोनियाला (बव्हेरियाचा उत्तर भाग) देतात. पाटबंधाऱ्यातल्या माणसाला यापेक्षा अजून काय पाहिजे?
लॉकची रुंदी १२ मीटर आणि ही लांबलचक जहाजं साधारण ११.४ मीटर रुंद. बाल्कनीतून हात लांब केला तर ओल्या, शेवाळलेल्या भिंतीला लागेल (लावू नका, स्टाफ ओरडतो). भिंत वरपर्यंत काळी, मग हळूहळू उजेड, मग एकदम गवत आणि सायकलवरचा माणूस. पूल इतके कमी उंचीचे असतात की वरच्या डेकचे कठडे आडवे करतात आणि कप्तानाची केबिन खाली दबते.

कृष्णाकाठ:
दर्यावर्दी साहेब, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी कागद काढून कुंडांचं गणित मांडायला घेतलंय. तीन कुंडं तर साठच टक्के का, शंभर का नाही, हे मला समजावून झालं, आता आईला समजावतायत.

शाश्वती_प:
मला थोडं खटकलं म्हणून लिहिते. नदीकाठच्या छोट्या गावात एका वेळी चार-पाच जहाजं लागली की हजारेक माणसं एका गल्लीत उतरतात, आणि जेवायला परत जहाजावर गेली की गावाला काय मिळतं? ॲमस्टरडॅमने २०२८ पर्यंत नदीवरच्या क्रूझची संख्या निम्मी करायचं ठरवलंय ते उगाच नाही. नाईलवर पण डिझेलचा धूर शेजारच्या जहाजाच्या खिडकीत. जायचं नाही असं म्हणत नाही, पण धक्क्याला उभं असताना इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज वापरतात का, गावात किती वेळ देतात, हे विचारून मगच निवडा.

मीरा_बव्हेरिया:
शाश्वती, धुराचं अगदी बरोबर. एकाला एक चिकटवून जहाजं लावली की खिडकीतून दुसऱ्याची खिडकीच दिसते, आम्ही पलीकडच्या काकांना सकाळी हात करायचो. आणि गणूचा मुद्दा पण आता पटतो, म्हणून बुडापेस्टला जहाज रात्री मुक्काम करतं अशीच निवडा. तिथे अगदी शहराच्या मध्यात लागतं, संध्याकाळी दिवे लागले की पार्लमेंट पाण्यातून बघायला मिळतं आणि जेवायला पण बाहेर जाता येतं.

प्रवासी_पुणेकर:
पाण्याच्या पातळीबद्दल कोणीच बोललं नाही. आम्ही ऱ्हाइन बुक केली होती, पाणी कमी म्हणून निम्मा प्रवास बसने केला आणि कंपनीने जे परत दिलं ते फारच थोडं. अटींमध्ये लिहिलेलं असतं म्हणे.

दर्यावर्दी:
हो, हा खरा धोका. ऱ्हाइनवर काउब गावाच्या मोजपट्टीवरची पाण्याची पातळी बघतात, ऑगस्ट २०२२ मध्ये ते ४० सेंटिमीटरच्या खाली गेलं होतं. तो आकडा म्हणजे पात्रातली खोली नाही, जहाजाच्या वाटेवर त्याहून मीटरभर जास्त पाणी असतं, पण ही जहाजंच दीड-पावणेदोन मीटर पाण्यात बसतात. डॅन्यूबवर स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा पट्टा अडवलेला नाही, तिथे पाणी कमी झालं तरी अडचण आणि जास्त झालं तरी. सप्टेंबर २०२४ च्या पुरात ऑस्ट्रियात वाहतूकच बंद झाली, पर्यटकांची जहाजं व्हिएन्नाला अडकून पडली. पासाउला नगरभवनाच्या मनोऱ्यावर पुरांच्या खुणा वर्षांसकट केल्यात, सगळ्यात वर १५०१, त्याखाली २०१३. बाबांना तिथे दहा मिनिटं जास्त द्या.

वाचनवेडी:
व्हिसाचं पण लक्षात ठेवा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी सगळे शेंगेन, एकाच व्हिसावर होतं, जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करा. बेलग्रेडपर्यंत जाणारी घेतली तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही, मल्टिपल एंट्री लागेल. जहाजावर सहसा डॉक्टर नसतो, कारण किनारा कायम जवळ असतो. औषधं जास्तीची आणि प्रिस्क्रिप्शन बरोबर, इन्शुरन्समध्ये आधीचे आजार कव्हर आहेत का ते बघा.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरी बैठक झाली. आईला सुलभाताईंची नाईल फार आवडली, पण लक्झरच्या पायऱ्यांचं वाचून तीच म्हणाली की आधी डॅन्यूब करू, गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मग इजिप्त. (ऑपरेशनला ती चार वर्षं नाही म्हणत होती, आता स्वतःहून तारीख बघा म्हणतेय! ताई, हे तुमच्या त्या टेबलक्लॉथवाल्या होड्यांमुळे.) न्यूर्नबर्ग ते बुडापेस्ट, मधल्या मजल्यावरची केबिन. तीन कंपन्यांना लिफ्टचं आणि जहाजं चिकटवून लावण्याचं लेखी विचारलंय, एकीनेच सरळ उत्तर दिलं, तिचंच बुक करू. महिना कुठला धरू? आणि बाबा विचारतायत की कप्तानाच्या केबिनमध्ये जाऊ देतात का.

सुलभाताई:
अगं बाई, किती छान वाटलं वाचून! आईंना सांग, ऑपरेशननंतरचा व्यायाम नेमाने करायचा, मी वर्षभर केलाय. फोन करायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

मीरा_बव्हेरिया:
मे अखेर किंवा जूनची सुरुवात बघ. पूर कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरला पाणी कमी असायची शक्यता जास्त आणि ऊन पण भाजतं. केबिन मधल्या मजल्यावर तर घेच, पण मागच्या टोकाची नको, तिथे इंजिनाचा आवाज येतो.

दर्यावर्दी:
चालत्या जहाजावर शक्यतो नेत नाहीत, धक्क्याला उभं असताना विचारलं तर बरेच कप्तान हौसेने दाखवतात. पहिल्याच संध्याकाळी रिसेप्शनला सांगून ठेवा. आणि हिल्पोल्टश्टाइनचं लॉक किती वाजता येणार तेही तेव्हाच विचारा, कधीकधी ते मध्यरात्री असतं. माथ्यावर दोन खोऱ्यांच्या सीमेवर काठाला काँक्रीटची खूण उभी केलीये, ती बघायची असेल तर बाबांना गजर लावावा लागेल.

कृष्णाकाठ:
बाबा म्हणतायत गजराची गरज नाही, ते जागेच राहणार आहेत. आईने मेतकुटाचं प्रमाण विचारलंय, मीरा, किती नेलं होतंस?